२०२५ मध्ये माझ्या दुकानात टिकलेल्या सात गोष्टी (आणि तीन, ज्या टिकल्या नाहीत)



वर्ष सरत आलं की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, यंदा नवीन काय सापडलं? कुठलं ॲप, कुठला पिक्चर, काय वापरायचं, काय बघायचं?" व्हिडिओत यादी सांगून झाली आहे. पण व्हिडिओत कारणं सांगायला वेळ पुरत नाही, आणि खरी गंमत कारणांतच असते. म्हणून हा लेख.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात ओळख. दादर पश्चिमेला आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं, बीबीए झाल्यावर मी हातात घेतलं. राहायला लालबागला. दुकान सकाळी साडेनऊला उघडतं, रात्री नऊला बंद होतं, आणि मधल्या वेळात तुमच्यासारख्या दुकानदारांचे क्लास घेते. सांगायचा मुद्दा एवढाच, की माझ्याकडे पैसा कमी आहे आणि वेळ त्याहून कमी.

यंदा तर हे जास्तच जाणवलं. जूनचा पहिला पंधरवडा म्हणजे आमची दिवाळी. शाळा सुरू होतात, वह्यांचे गठ्ठे संपतात. पण आता वही, पेन्सिल, खोडरबर दहा मिनिटांत घरपोच येतं. किमतीत मी त्या ॲपवाल्यांशी भांडू शकत नाही आणि वेगात तर नाहीच. मग माझ्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त काय आहे? एकच गोष्ट. समोर उभ्या असलेल्या माणसाला द्यायला माझ्याकडे पाच मिनिटं आहेत. "काकू, तुमच्या मुलीच्या शाळेत चौकटी वही मोठ्या चौकटीची लागते, ही नको," हे सांगायला ती पाच मिनिटं लागतात. तीच जर बिलं, मेसेज आणि फोनमध्ये गेली, तर माझं दुकान आणि त्यांचं गोदाम यात फरक तो काय राहिला?

म्हणून यंदाची कसोटी सोपी ठेवली. नवीन गोष्ट हातात आली की पहिला आठवडा सगळंच भारी वाटतं. तीन महिन्यांनीही ती आपण न सांगता वापरात असेल, तर ती टिकली. आणि टिकलेल्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न: हिने माझा वेळ परत दिला, की खाल्ला? करमणुकीलाही हाच प्रश्न. दोन तासांचं नाटक वेळ परत देऊ शकतं आणि वीस मिनिटांची रील्स वेळ खाऊ शकतात. कसं, ते पुढे येतंच.

१. भुयारातून गिरगाव: मेट्रो ३

यादीत पहिली गोष्ट खिशात मावत नाही. मेट्रो ३, म्हणजे ॲक्वा लाइन. आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. १० मे २०२५ ला गाडी वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली, म्हणजे आमचं दादर जोडलं गेलं. आणि ९ ऑक्टोबरपासून ती थेट कफ परेडपर्यंत धावायला लागली. एकूण ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं.

मे महिन्यात, म्हणजे सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले असताना, पहिल्याच मोठ्या पावसात आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं होतं. तेव्हा बाबा म्हणाले होते, "जमिनीवर पाणी भरतं ते कमी होतं म्हणून खाली गेले वाटतं!" आता तेच बाबा दर पंधरा दिवसांनी मेट्रोने ठाकुरद्वारला मावशीकडे जातात. आधी चर्नी रोडला उतरून गर्दीतून पूल चढायचा म्हटलं की गुडघे आठवायचे. आता दादरला बसले की आठवं स्टेशन गिरगाव. सरकते जिने, लिफ्ट, बसायला जागा.

धंद्याचं बोलायचं तर माझी खरेदी अब्दुल रहमान स्ट्रीटला असते. सीएसएमटीला उतरायचं आणि चालत जायचं. खरं सांगायचं तर लोकलपेक्षा फार मिनिटं वाचत नाहीत, आणि तिकीट लोकलपेक्षा महाग पडतं. १० रुपयांपासून ७० पर्यंत भाडं आहे. मग फायदा काय? तर जाताना मी बसलेली असते आणि हातात खरेदीची यादी असते. लोकलच्या दारात उभं राहून कोणी यादी तपासत नाही. येताना दोन हलक्या पिशव्या सोबत, जड माल टेम्पोने. दुकानात पोचते तेव्हा घामाघूम झालेली नसते, लगेच काउंटरवर उभी राहू शकते. हा वाचलेला वेळ घड्याळात दिसत नाही, अंगात दिसतो.

एक गोष्ट मात्र विसरू नये. या स्टेशनांसाठी गिरगाव-काळबादेवीतल्या जुन्या इमारती गेल्या, कित्येक कुटुंबांना वर्षानुवर्षं दुसरीकडे राहावं लागलं. आपला प्रवास सुखाचा झाला त्यात त्यांचाही वाटा आहे.

दुकानदाराने काय घ्यावं: तुमच्या दुकानापासून सर्वांत जवळचं स्टेशन आणि कुठल्या दाराने बाहेर पडायचं, हे व्हॉट्सॲपवरच्या पत्त्यात लिहा. नवीन रस्ता झाला की नवीन गिऱ्हाईक येतं, पण त्याला वाट सांगावी लागते.

२. बोटांऐवजी तोंडाने: मराठी व्हॉइस टायपिंग

ही गोष्ट यंदाची नाहीच. गूगलने मराठीत बोलून टाइप करायची सोय २०१७ मध्ये आणली. पण दुकानात ती रोज वापरायची पद्धत मला यंदा सापडली, म्हणून यादीत.

पालक शाळेच्या यादीचा फोटो पाठवतात आणि विचारतात, "किती होतील?" आधी प्रत्येकाला टाइप करून उत्तर द्यायला पाच-सात मिनिटं जायची. आता कीबोर्डवरचा माइक दाबते आणि बोलते: "चाररेघी सहा, दुरेघी चार, चौकटी चार, चित्रकला वही एक, तपकिरी कव्हरचा रोल एक." झालं. मग हीच यादी व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये साठवून ठेवते. शाळेचं छोटं नाव आणि इयत्ता टाकली की अख्खी यादी किमतीसकट समोर येते. एका शाळेची तिसरीची यादी एकदा केली की त्या वर्गातल्या सगळ्या पालकांना तीच.

दोन सूचना. एक, बाहेर फेरीवाल्यांचा आवाज असेल तर वायरवाले इअरफोन लावा आणि त्यांचा माइक तोंडाजवळ धरा. दोन, आकडे डोळ्यांनी तपासल्याशिवाय पाठवू नका. 'सात' आणि 'साठ' यात फोनचा गोंधळ होतो, आणि सात वह्यांच्या जागी साठ लिहिल्या गेल्या तर पालक दारातच यायचा नाही.

३. कागद वाचून दाखवणारी जोडी: नोटबुक एलएम

सप्टेंबर आठवा. ३ तारखेला जीएसटी कौन्सिलची बैठक झाली आणि २२ तारखेपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून, नवे दर लागू झाले. बहुतेक मालासाठी ५ आणि १८ असे दोनच टप्पे. आमच्या दुकानात तर धमालच. वह्या १२ वरून शून्य. पेन्सिल, शार्पनर, खडू-रंग १२ वरून शून्य. खोडरबर ५ वरून शून्य. कंपासपेटी १२ वरून ५. आणि पेन तिथेच, १८ वर. म्हणजे एका पोराच्या एका बिलात तीन दर!

सरकारने प्रश्नोत्तरांचे कागद काढले, पण ते इंग्रजीत आणि लांबलचक. इथे गूगलचं नोटबुक एलएम कामाला आलं. आपण आपले कागद, पीडीएफ त्यात टाकायचे आणि प्रश्न विचारायचे. उत्तर ते त्याच कागदांतून शोधतं आणि कुठल्या परिच्छेदातून घेतलं तेही दाखवतं. आणि एप्रिल २०२५ पासून ते मराठीतही ऑडिओ बनवतं. एक बाई आणि एक माणूस आपल्या कागदावर गप्पा मारतायत असा. सेटिंगमध्ये आउटपुटची भाषा मराठी करायची, बस.

मी तो ऑडिओ घरच्या वायफायवर उतरवून घेतला आणि कामावर जाता-येता ऐकला. मराठी जरा आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं आहे, मधेच इंग्रजी शब्द अडखळतात. पण दोन फेऱ्यांत विषय डोक्यात बसला. बाबांनी दुकानात ऐकलं आणि विचारलं, "ही दोघं कोण? आपल्या धंद्याचं यांना कसं माहीत?"

मर्यादाही सांगते. करमाफ झालेल्या मालाचा जुना साठा शिल्लक असेल, तर त्यावर आधी घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं. हा मुद्दा मला त्या ऑडिओतून कळला, पण हिशोब मी सीएकडूनच करून घेतला. मशीनने प्रश्न विचारायला शिकवलं. सही करायची ती माणसानेच. आणि गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर, उधारीची वही असलं काहीही यात टाकू नका. ते आपल्यावर विश्वास ठेवून दिलेलं असतं.

४. बोलणारा डबा आणि एक बंद झालेलं दार

साउंडबॉक्स तुमच्यापैकी बहुतेकांकडे असेलच. आमच्याकडेही होता, हिंदी बोलणारा. यंदा मार्चमध्ये त्याची भाषा मराठी करून घेतली. एवढंच. पण परिणाम बघा. दुपारी काउंटरवर बाबा असतात. स्क्रीनवरची बारीक अक्षरं त्यांना दिसत नाहीत, त्यामुळे यूपीआय म्हटलं की ते मला फोन करून विचारायचे, "आले का गं?" आता डबा स्पष्ट मराठीत रक्कम सांगतो आणि बाबा मान डोलावतात. दुपारचे ते दहा-बारा फोन बंद झाले.

दुकानात नियम एकच: डबा बोलला तर माल. समोरच्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. डबा बंद पडला तर आपल्या स्वतःच्या ॲपमध्ये जमा दिसल्याशिवाय नाही. गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर गोड बोलून, पण नियम तोच.

आणि एक बातमी, जी बऱ्याच जणांच्या लक्षात आली नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून एनपीसीआयने यूपीआयवर एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे पैसे मागायची 'कलेक्ट रिक्वेस्ट' बंद केली. "तुम्हाला पैसे पाठवलेत, फक्त ओके दाबा" असं सांगून उलट आपल्याच खात्यातून पैसे काढणारी टोळी याच दारातून यायची. ते दार आता बंद आहे. व्यापारी ॲपमधल्या, म्हणजे ऑनलाइन दुकानांच्या, रिक्वेस्ट तेव्हा चालूच राहिल्या. म्हणून आईबाबांना एकच वाक्य पाठ करून ठेवायला सांगा: पैसे घ्यायला पिन लागत नाही.

५. 'आता थांबायचं नाय!' आणि सतरा नंबरचा फॉर्म

आता करमणूक. यंदा मराठी सिनेमाला बरे दिवस आले. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला जानेवारीत सनडान्समध्ये ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. सप्टेंबरात 'दशावतार' आला आणि ऐंशी पार केलेल्या दिलीप प्रभावळकरांनी थक्क केलं. आमच्या लालबागेत निम्मी घरं कोकणातली, त्यामुळे पहिल्या आठवड्यात ज्याच्या त्याच्या तोंडी तोच सिनेमा. जाहिरातीचा एक पैसा खर्च न होता शेजारी शेजाऱ्याला "बघून ये" म्हणतो, ती ताकद कशात असते, हे दुकानदाराने बसून विचार करण्यासारखं आहे.

पण माझ्यासाठी वर्षाचा सिनेमा १ मेला आलेला, शिवराज वायचळ यांचा 'आता थांबायचं नाय!'. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी होतात, अशी सत्य घटनेवर बेतलेली गोष्ट. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव आणि बाकी सगळेच झकास. गिरणगावात वाढलेल्या माणसाला रात्रशाळा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. पाळी संपवून वर्गात बसणारे काका प्रत्येक चाळीत होते.

आम्ही दुकानातली सगळी मिळून गेलो. दुसऱ्या दिवशी आमचा मदतनीस, बावीस वर्षांचा, साताऱ्याकडचा, माल लावता लावता म्हणाला, "ताई, आठवीनंतर शाळा सुटली असेल तर परत धरता येते का?"

धरता येते. बाहेरून दहावीला बसायला सतरा नंबरचा फॉर्म भरतात. आम्ही भरला. आता अडचण अशी, की अभ्यासाला तो आठवड्यातले चार दिवस साडेसहाला निघतो, आणि साडेसहा ते साडेआठ हीच आमची खरी गर्दीची वेळ. ऑफिसं सुटतात, आया मुलांना घेऊन येतात. बाबा म्हणाले, "दोन माणसांचं काम तू एकटी कशी करणार?" उत्तर वरच्या चार गोष्टींत आहे. क्विक रिप्लाय, बोलणारा डबा, आधीच तयार याद्या. गर्दीच्या वेळी फोनवर जाणारा माझा वेळ वाचला, तो याच्या दहावीला गेला. येत्या परीक्षेला तो बसतोय.

तंत्रज्ञानाने वेळ वाचतो असं सगळेच म्हणतात. पण वाचलेला वेळ कुठे जाणार, हे आधी ठरवलं नाही तर तो पुन्हा फोनमध्येच जातो. मी या वर्षात शिकलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

६. नाटक: फोन बंद करायला लावणारी करमणूक

प्रभादेवीचं रवींद्र नाट्यमंदिर नूतनीकरणानंतर २८ फेब्रुवारीला पुन्हा उघडलं. दादरला शिवाजी मंदिर आहेच, माटुंग्याला यशवंत नाट्यमंदिर. परळचं दामोदर मात्र पुनर्विकासासाठी २०२३ मध्ये बंद झालं. कामगार रंगभूमी ज्या भागात वाढली तिथे हक्काचं नाट्यगृह सध्या नाही, ही सल आहेच. म्हणून जे उघडलंय तिथे जाणं हे आपलं काम.

आधी नाटकाचं तिकीट म्हणजे वर्तमानपत्रातली जाहिरात, मग खिडकीवर जाऊन प्लॅनवर बोट ठेवणं. मजा होती, पण दुकान सोडून जाणार कोण? आता 'तिकिटालय' हे खास मराठी नाटकांसाठीचं ॲप आहे. दुकानात बसून तिकीट काढलं, शटर खाली केलं आणि थेट प्रयोगाला. लेकीला घेऊन क्षितिज पटवर्धन यांचं 'आज्जीबाई जोरात' बघितलं. एआय वापरून केलेलं बालनाट्य अशी त्याची जाहिरात होती. लेकीला एआयचं काही पडलं नव्हतं, ती निर्मिती सावंत यांच्यावर फिदा होती. घरी येऊन आठवडाभर आजीच्या नकला चालू होत्या.

आता सुरुवातीचा मुद्दा. दोन तास फोन बंद होता आणि आठवडाभर घरात हसू होतं. आदल्या रात्री वीस मिनिटं रील्स बघितली होती, त्यातली एकही आठवत नाही. कुठल्या वेळाची वसुली झाली, ते तुम्हीच सांगा.

७. २ नोव्हेंबरची रात्र: महिला विश्वचषक

क्रिकेट आपल्याकडे नवीन नाही. शिवाजी पार्कच्या सावलीत दुकान आहे माझं. पण महिलांची मॅच दुकानात लावली तर गिऱ्हाईक थांबून बघतं, हा शोध यंदाचा.

सुरुवात ३० ऑक्टोबरच्या उपांत्य सामन्याने झाली. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ चं लक्ष्य, आणि आपल्या मुंबईची जेमिमा रॉड्रिग्स नाबाद १२७. मग २ नोव्हेंबर, रविवार, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम. पावसाने सामना उशिरा सुरू झाला. भारत ७ बाद २९८, दक्षिण आफ्रिका २४६ सर्वबाद, ५२ धावांनी विजय. महिला संघाचा पहिला विश्वचषक. मॅच मध्यरात्रीपर्यंत चालली आणि लालबागेत फटाके वाजले ते दिवाळीपेक्षा कमी नव्हते.

शफाली वर्मा मूळ संघात नव्हतीच. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून तिला बोलावलं, आणि अंतिम सामन्यात तिने ८७ केल्या, वर दोन विकेटही काढल्या. "बसलेला माणूसही तयारीत असावा" हे मी क्लासमध्ये शंभरदा सांगते, आता उदाहरण द्यायला सोपं झालं.

धंद्याचा भाग पुढचा. त्या आठवड्यात चौथीतली एक मुलगी आली आणि म्हणाली, "काकी, वहीच्या लेबलवर बॅटवाली मुलगी आहे?" माझ्याकडे बॅटवाले मुलगेच होते. घाऊक बाजारात विचारलं, तिथेही मुलगेच. मग ओळखीच्या चित्रकाराकडून साधं चित्र काढून घेतलं. कुठल्या खेळाडूचा चेहरा नाही, फोटो नाही, नुसती वेणी घातलेली, बॅट घेतलेली मुलगी. २०० शीट छापल्या. नोव्हेंबर संपायच्या आत संपल्या, दुसरी खेप छापली. दहा मिनिटांत माल पोचवणाऱ्यांकडे हे लेबल नाही, कारण ती मुलगी त्यांच्याशी बोललीच नाही. ती माझ्याशी बोलली.

मधेच एक धडा: भरतीचं वेळापत्रक

हा यादीतला आकडा नाही, पण लालबागकराने २०२५ बद्दल लिहायचं आणि हे गाळायचं, शक्य नाही. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. लालबागच्या राजासाठी यंदा नवा, यंत्रावर चालणारा तराफा होता. मिरवणूक नेहमीसारखी दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीला पोचली, पण समुद्राला भरती आली होती आणि मूर्ती तराफ्यावर चढवता येईना. ओहोटीची वाट बघावी लागली. विसर्जन झालं ते ७ तारखेला रात्री. लाखो लोक टीव्हीवर, मोबाईलवर डोळे लावून बसले होते. आमच्या घरात तर कोणी धड जेवलं नाही.

कोणाला दोष देण्याचा हा विषय नाही. मंडळाची माणसं त्या पाण्यात तासन्‌तास उभी होती. पण मला दुकानदार म्हणून जे दिसलं ते असं: साधन कितीही नवं असो, भरतीची वेळ जुनीच असते. आपल्या धंद्यातही भरती असते. जूनचा पहिला आठवडा, गणपतीच्या आधीची चार दिवसांची झुंबड, दिवाळी. त्या दिवसांत नवीन बिलिंग, नवीन मशीन, नवीन पद्धत आणायची नाही. त्याआधी, मंदीच्या मंगळवारी, दुपारी तीन वाजता करून बघायची.

जीएसटीचे नवे दर लावताना मी हेच केलं. पंधराएक वस्तूंची खोटी बिलं आदल्या आठवड्यात फाडून बघितली, आणि २१ तारखेच्या रात्री दर बदलले. घटस्थापनेला सकाळी पहिलं बिल बिनचूक निघालं.

टिकल्या नाहीत त्या तीन

थोडक्यात सांगते.

एआयने बनवलेले मालाचे फोटो. सप्टेंबरात सगळीकडे एआयच्या साडीतल्या फोटोंचं वेड होतं, मीही दुकानातल्या कंपासपेटीला हिमालयाची पार्श्वभूमी लावून बघितली. सुंदर दिसली. पण गिऱ्हाईक विचारायचं, "खरी अशीच आहे ना?" दुकानाच्या पायरीवर, सकाळच्या उजेडात, हातात धरून काढलेल्या फोटोला हा प्रश्न येत नाही. नापास.

दुकानाचं स्वतःचं ॲप. एका कंपनीने महिनाभर फुकट वापरायला दिलं. महिन्यात ते उतरवून घेणारी माणसं मोजून नऊ, त्यात घरातली चार. ज्याच्या फोनमध्ये आधीच व्हॉट्सॲप आहे त्याला वेगळं दार कशाला? नापास.

स्मार्टवॉच. दर मेसेजला मनगट थरथरतं, आणि समोर गिऱ्हाईक बोलत असताना नजर घड्याळावर जाते. समोरच्याला वाटतं, हिला जायची घाई आहे. आता ते भाऊ वापरतो, सकाळी शिवाजी पार्कला चालायला जाताना. त्याच्यासाठी उत्तम, माझ्या काउंटरवर नापास.

तुमचा गृहपाठ

नवीन काही घ्यायच्या आधी एक कोरा कागद घ्या (वही माझ्याकडची असेल तर उत्तम!). तीन रकाने पाडा. पहिल्यात या वर्षी वापरायला सुरुवात केलेली प्रत्येक गोष्ट लिहा: ॲप, मशीन, मालिका, गेम, काहीही. दुसऱ्यात लिहा, तिने रोजची किती मिनिटं दिली किंवा घेतली. अंदाजे चालेल, पण खरं लिहा.

तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. वाचलेली मिनिटं कोणाला दिली? गिऱ्हाइकाला, मुलाला, मदतनिसाला, स्वतःच्या झोपेला, कोणाला तरी दिली असतील तर नाव लिहा. ज्या गोष्टीसमोर हा रकाना कोरा राहील, तिच्याबद्दल जानेवारीत पुन्हा विचार करा. आणि ज्याच्यासमोर नाव लिहिलं गेलं, ती गोष्ट जपा, मग ती दोन हजारांची असो की फुकटची.

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. धंदा वाढो, आणि रात्रीचं जेवण घरच्यांसोबत होवो!